वाचकांचे प्रश्न : शंभरी ओलांडलेली रायफल आणि हरणाचा हंगाम

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की अमेरिकेतल्या वाचकांची हरणाच्या शिकारीबद्दलची पत्रं सुरू होतात. या वेळी त्यातली बरीच पत्रं जुन्या रायफलींबद्दल आहेत. कुणाला शेजाऱ्याने दिलेली, कुणी जुन्या वस्तूंच्या लिलावात घेतलेली, कुणाच्या घरी सासऱ्यांकडून आलेली. एक पत्र थेट संगमेश्वरहून आहे, त्याचंही उत्तर खाली दिलं आहे.

प्रश्न : आमच्या शेजारच्या आजोबांनी त्यांच्या वडिलांची विंचेस्टर रायफल मला दिली. लिव्हरची, आठकोनी नळीची, वर ‘मॉडेल १८९४’ आणि ‘३८-५५’ असं कोरलेलं. तीस वर्षं कपाटात पडून होती. या हंगामात हिने व्हाइटटेल हरिण मारता येईल का? आणि मुळात ती उडवणं सुरक्षित आहे का?
— एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर : हरिण मारायला .३८-५५ हे काडतूस पुरेसं आहे. ही तुमच्या हातातली रायफल पुरेशी आहे का, हे मात्र तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

आधी ती काय चीज आहे ते समजून घ्या. जॉन ब्राउनिंगने रचलेल्या या रायफलीची विक्री सुरू झाली तेव्हा ती दोनच काडतुसांत मिळायची, .३२-४० आणि .३८-५५. दोन्ही १८८४ च्या सुमाराची, बॅलार्ड रायफलींसाठी काढलेली, काळ्या दारूवर चालणारी. प्रसिद्ध .३०-३० आलं १८९५ मध्ये, धूरविरहित दारू घेऊनच, आणि त्यासाठी विंचेस्टरने निकेल-पोलादाची नळी काढली. तुमच्या नळीवर ‘निकेल स्टील’ असा शिक्का नसेल तर ती जुन्या, मऊ पोलादाची आहे असं धरून चाला. याचा अर्थ ती फुटेल असा नाही. सौम्य काडतुसं वापरा आणि दाब वाढवायच्या फंदात पडू नका, एवढाच.

कायद्यासाठी अनुक्रमांक पाहा. तो रिसीव्हरच्या (नळीमागच्या धातूच्या मुख्य भागाच्या) खालच्या बाजूला, पुढच्या टोकाशी असतो. रायफल १८९८ किंवा त्याआधी बनलेली असेल तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार ती ‘अँटिक’ ठरते. वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयाकडे विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या आहेत. फी भरली की तुमच्या क्रमांकाची रायफल कोणत्या काडतुसाची, कोणत्या नळीची आणि कोणत्या तारखेची, याचं पत्र तिथून मिळतं. शंका असेल तर हे पत्र मागवाच, कारण पूर्वी झिजलेल्या नळ्या पुन्हा कातून मोठ्या काडतुसाच्या करून घ्यायची पद्धत होती.

आता तपासणी. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून लिव्हर पूर्ण खाली घ्या आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेत, नुसतं पाहू नका, करंगळीही घालून पाहा. मग उजव्या बाजूची काडतूस भरायची झडप अंगठ्याने आत दाबा. काडतुसाची पितळी कड दिसली तर मॅगझिन भरलेलं आहे. तीस वर्षं कपाटात राहिलेल्या रायफलीत काडतूस सापडणं ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे.

नळी पुसून मागून उजेड दाखवा. आत काळपट दिसलं तरी घाबरू नका. आट्यांच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) कडा शाबूत असतील तर काळी नळीही नीट मारते. पण आत एखाद्या ठिकाणी अंगठीसारखी गडद सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. कधीतरी अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी मारली गेली असेल. अशी रायफल भिंतीवर शोभते, रानात नको.

घोडा अर्ध्या टप्प्यावर ठेवून, अर्थात रिकाम्या रायफलीवर, चाप चांगला जोर देऊन ओढा. घोडा पडता कामा नये. या रायफलीला वेगळी सेफ्टी नाही, अर्धा टप्पा हीच तिची सेफ्टी. तो झिजला असेल तर बाकी सगळं उत्तम असूनही तिला घेऊन रानात जायचं नाही. शेवटी दस्ता जिथे धातूला मिळतो तिथे बारीक चीर आहे का पाहा.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) आणि काडतुसाची मागची कड यांमधलं अंतर, घरी मोजता येत नाही. ते बंदुकांच्या कारागिराकडून मोजून घ्या. त्याच भेटीत चेंबरचा साचाही काढून घ्या. त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसलाच वितळतो, चेंबरमध्ये ओतून थिजवतात आणि बाहेर काढतात. ओतल्यापासून साधारण तासाभराने त्याचं माप चेंबरच्या खऱ्या मापाला येतं. त्याआधी आणि नंतर ते किंचित वेगळं असतं, म्हणून घड्याळ लावूनच मोजायचं.

प्रश्न : माझ्याकडेही .३८-५५ आहे. दुकानातून २५५ ग्रेन वजनाच्या गोळीचं नवं काडतूस आणलं. ५० यार्डांवर कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोकं पडतात, दोन तर चक्क किल्लीच्या भोकासारखी. नळी गेली का?
— एक वाचक, फोर्ट वेन, इंडियाना

उत्तर : बहुधा नळी ठीक आहे, गोळी बारीक आहे. .३८-५५ बद्दल सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि बहुतेक लोक पैसे खर्च करून भलतीच गोष्ट दुरुस्त करतात.

कारण असं. आजच्या कारखान्यांच्या गोळीचा व्यास .३७५ ते .३७७ इंच असतो. जुन्या विंचेस्टरच्या नळीत आट्यांच्या तळापासून तळापर्यंत .३७९, .३८० आणि क्वचित त्याहूनही जास्त भरतं. तांब्याच्या वेष्टणाची गोळी फुगून ही फट भरून काढत नाही. ती आट्यांवरून घसरत जाते, नीट फिरत नाही, आणि हवेत आडवी होऊन कागदावर कुशीवर आदळते. काळ्या दारूच्या काळात हा प्रश्न नव्हता. त्या दारूचा धक्का एकदम बसायचा आणि तेव्हाची मऊ शिशाची गोळी आपसूक फुगून आट्यांत बसायची.

तेव्हा आधी नळीचं माप काढा. शिशाचा मऊ गोळा घ्या. मासेमारीच्या दुकानात मिळणारं अंड्याच्या आकाराचं वजन चालतं, फक्त ते नळीच्या भोकापेक्षा किंचित जाड हवं. नळी स्वच्छ करा, तेलाचा हात द्या, गोळ्यालाही तेल लावा. मॉडेल १८९४ मध्ये मागून सरळ वाट नाही, म्हणून लिव्हर उघडी ठेवून गोळा पुढच्या तोंडातूनच घालावा लागतो. लाकडी हातोडीने हलके ठोके देत तो आत शिरवा. शिशाचं एक वर्तुळ कातरलं जाऊन बाहेर राहील, ते टाकून द्या. मग पितळी दांडीने गोळा मागे ढकलत न्या. लाकडाची लांब काठी वापरू नका. ती तिरकी चिरते आणि पाचरीसारखी आत अडकते, मग कारागिराकडे जाण्याशिवाय गत्यंतर नाही. ढकलताना हाताला काय लागतं त्याकडे लक्ष द्या. एकसारखा दाब लागला तर उत्तम. मध्येच गोळा सैल होऊन सरकला तर तिथे नळी झिजलेली किंवा फुगलेली आहे.

मागून बाहेर आलेल्या गोळ्यावर आट्यांचे ठसे असतील. उंचवटे म्हणजे नळीतल्या खाचा. समोरासमोरच्या दोन उंचवट्यांवर मायक्रोमीटर लावा. साधा कॅलिपर नको, त्याचा एक हजारांश इंचाचा अंदाज इथे कामाचा नाही. विंचेस्टरच्या नळीत सहसा सहा आटे असतात, त्यामुळे समोरासमोर मोजता येतं. तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत मोठं माप धरा.

गोळी या मापापेक्षा .००१ ते .००२ इंच जाड हवी. समजा माप .३७९ आलं, तर गोळी .३८० किंवा .३८१. पण ती चेंबरमध्ये मावेल का? त्याची कसोटी सोपी आहे. याच रायफलीतून उडालेली एक पितळी केस (काडतुसाचं रिकामं नळकांडं) घ्या, तिला पुन्हा आकार द्यायच्या साच्यात न घालता. नवी गोळी बोटाने तिच्या तोंडात सोडा. ती आपोआप आत सरकली तर चेंबरमध्ये जागा आहे. तोंडाशीच अडली तर अशी गोळी भरलेलं काडतूस चेंबरमध्ये घट्ट बसेल, उडताना केसच्या तोंडाला फाकायला जागा मिळणार नाही आणि दाब धोक्याच्या पलीकडे जाईल. अशा वेळी पातळ पितळेची केस शोधावी किंवा .००१ ने गोळी कमी करावी. पातळ केस मिळाली की बहुतेक वेळा काम भागतं.

गोळी ओतून घेतलेली वापरा, म्हणजे शिसं वीस भाग, कथील एक भाग. हे मिश्रण या वेगाला पुरेसं कडक असतं आणि हरणात शिरल्यावर पसरण्याइतकं मऊही. शुद्ध शिसं नळीत चिकटतं. टाइपाच्या धातूसारखं फार कडक मिश्रण केलंत तर गोळी पसरत नाही आणि आरपार छोटं भोक पाडून जाते. स्वतः ओतत नसाल तर तुमच्या मापाला घासून दिलेल्या गोळ्या विकत मिळतात, मागवताना व्यास हजारांशात सांगा. ओतत असाल तर उघड्यावर ओता, घामाचा किंवा पाण्याचा थेंब वितळलेल्या शिशात पडू देऊ नका (वाफेने शिसं अंगावर उडतं), आणि हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवू नका.

केसच्या लांबीकडेही पाहा. मूळची केस २.१२५ इंच, नंतर बाजारात आली ती सुमारे २.०८५ इंच. दोन्ही आजही मिळतात. आखूड केस लांब चेंबरमध्ये चालते, फक्त तिच्यापुढे काजळीचं कडं साचतं, ते घासून काढावं लागतं. उलट लांब केस आखूड चेंबरमध्ये ठोसून बसवू नका. सेरोसेफचा साचा काढला असेल तर हा घोळच होत नाही.

दारू किती, हा आकडा इथे देत नाही. मोठ्या प्रकाशकांच्या रिलोडिंगच्या (काडतुसं घरी भरण्याच्या) पुस्तकात जुन्या मॉडेलसाठी वेगळा तक्ता असतो. त्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरू करा आणि नेम जमला की तिथेच थांबा.

प्रश्न : .३८-५५ मिळत नव्हतं. दुकानदार म्हणाला की .३७५ विंचेस्टर तेच आहे, बसेल. घेऊ का?
— एक वाचिका, पिट्सबर्ग

उत्तर : नका घेऊ. बसतं, हाच तर धोका आहे. .३७५ विंचेस्टर १९७८ मध्ये .३८-५५ च्याच केसवरून, पण जाड पितळेचं आणि थोडं आखूड काढलं. कित्येक जुन्या चेंबरमध्ये ते सहज जातं आणि लिव्हरही बंद होते. .३८-५५ च्या दाबाची कमाल मर्यादा ३०,००० सीयूपी (काडतुसाचा दाब मोजायचं एकक), .३७५ विंचेस्टरची ५२,०००. जुन्या मऊ नळीत याचा परिणाम काय होईल हे कुणी स्वतःच्या चेहऱ्यासमोर तपासू नये. उलट दिशा, म्हणजे .३७५ च्या रायफलीत .३८-५५, लांबीमुळे बहुधा बसतच नाही.

प्रश्न : किती लांबून मारावं? मित्र सांगतात की अशी बंदूक दोनशे यार्ड सहज मारते.
— कोलंबसचेच वाचक

उत्तर : गोळी दोनशे यार्डांपर्यंत पोचते, वादच नाही. ती हरणाच्या कुठल्या भागावर पोचते, हा प्रश्न आहे.

कारखान्याचं २५५ ग्रेनचं काडतूस नळीतून सेकंदाला सुमारे १३२० फूट वेगाने निघतं. .३०-३० ची १७० ग्रेनची गोळी सेकंदाला २२०० फूट वेगाने निघते. म्हणजे तुमची गोळी जड पण संथ, आणि संथ गोळी लवकर खाली येते. १०० यार्डांवर नेम बसवलात तर ५० यार्डांवर गोळी अडीच-एक इंच वर लागेल, १५० वर सुमारे ९ इंच खाली आणि २०० वर दोन फूट खाली. हरणाच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम ८ इंचांची. १५० यार्डांवर तुमचा अंतराचा अंदाज वीस यार्ड चुकला की जखमी हरिण रानात हरवतं. म्हणून या काडतुसाला १०० यार्ड ही हद्द ठेवावी. ओहायोच्या रानात बहुतेक संधी त्याच्या आतच मिळतात.

तुमची स्वतःची हद्द त्याहून कमी असू शकते. कागदी जेवणाची प्लेट, साधारण ८ इंचांची, ५० यार्डांवर टांगा. टेबलावर रायफल टेकवून नव्हे, तर बसून किंवा झाडाच्या बुंध्याला टेकून पाच गोळ्या मारा. पाचही प्लेटवर बसल्या तर ७५ यार्डांवर जा, मग १०० वर. जिथे पहिली गोळी प्लेटबाहेर गेली, त्याच्या आधीचं अंतर तुमचं.

नेम बसवताना पुढची माशी (नळीच्या टोकाकडची साइट) डावी-उजवीकडे सरकवायची तर गोळी जिकडे हवी त्याच्या उलट दिशेला सरकवायची. मागची साइट सरकवायची तर गोळी हवी त्याच दिशेला. दोन्ही साइटमध्ये २२ इंच अंतर असेल तर .००६ इंच सरकवणं म्हणजे १०० यार्डांवर १ इंच. पितळी ठोकणी घ्या आणि एका वेळी एकच हलका ठोका द्या. लोखंडी ठोकणीने शंभर वर्षांच्या साइटवर पडलेला ओरखडा कायमचा राहतो.

दुर्बीण लावू नका. या रायफलीतून रिकामी केस सरळ वर उडते, त्यामुळे मधोमध दुर्बीण बसत नाही, आणि भोकं पाडलीत की संग्राहकाच्या दृष्टीने रायफलीची किंमत निम्म्यावर येते.

ओहायोत २०१४ पासून सरळ केसच्या (काडतुसाची केस तोंडाशी एकदम अरुंद होत नाही अशा) रायफलींना हरणाच्या बंदूक-हंगामात परवानगी आहे, .३५७ ते .५० कॅलिबर. त्यात .३८-५५ बसतं. मॅगझिन आणि चेंबर मिळून तीनच काडतुसं भरायची, मॅगझिनमध्ये नऊ मावत असली तरीही. खासगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी खिशात हवी, अंगात केशरी जाकीट हवं. शेजारच्या मिशिगनमध्ये हीच रायफल नेऊ म्हणाल तर आधी नियम वाचा. तिथल्या दक्षिण पट्ट्यात २०१४ मध्ये सरळ केसच्या रायफलींना मुभा देताना केसची लांबी १.१६ ते १.८० इंच अशी अट घातली गेली, आणि .३८-५५ ची केस दोन इंचांच्या वर आहे. ज्या वर्षी जाल त्या वर्षीचीच पुस्तिका पाहा.

प्रश्न : गोळी लागल्यावर हरिण जागेवर पडतं का? पडलं नाही तर काय करायचं?
— एक वाचक, डेटन, ओहायो

उत्तर : सहसा पडत नाही. संथ, जड गोळी आरपार जाते, दोन्ही बाजूंना भोक पडतं आणि हरिण पन्नास-शंभर यार्ड पळून कोसळतं. त्यामुळेच वाट पाहायची: हरिण पूर्ण आडवं उभं राहीपर्यंत, किंवा थोडं तिरपं, तोंड पलीकडे करून. पुढच्या पायाच्या मागे, खालून शरीराच्या एक-तृतीयांश उंचीवर नेम धरा. डोकं आणि मान सोडून द्या. समोरून छातीवर मारायचं टाळा.

बार उडाल्याबरोबर लिव्हर चालवून पुढचं काडतूस आत घ्या, पण जागेवरून हलू नका. हरिण कुठे उभं होतं आणि कोणत्या झाडापाशी दिसेनासं झालं, या दोन खुणा मनात पक्क्या करा. अर्धा तास थांबा. मग उभं होतं त्या जागी जाऊन रक्त पाहा. लालभडक आणि फेसाळ असेल तर फुप्फुसात लागली आहे, हरिण जवळच असेल. गडद, काळपट असेल तर काळजात, म्हणजे यकृतात, तिथे दोन-तीन तास थांबणं शहाणपणाचं. हिरवट, घाण वास येणारं असेल तर गोळी पोटात गेली. तेव्हा चार-सहा तास थांबा. लगेच माग काढायला गेलात तर आडोशाला बसलेलं हरिण उठतं आणि मैलभर जातं. प्रत्येक रक्ताच्या ठिकाणी कागदी रुमालाचा तुकडा ठेवत जा, माग तुटला की मागे वळून रेषा दिसते.

एक गोष्ट थंडीत विसरली जाते. मार संपल्यावर उठलेला घोडा हळूच खाली आणून अर्ध्या टप्प्यावर ठेवावा लागतो. गारठलेल्या अंगठ्याने, जाड हातमोजे घालून हे करताना घोडा निसटतो. हातमोजा काढा, नळीचं तोंड जमिनीकडे ठेवा, मग करा. रिकामी करतानाही एकेक काडतूस चेंबरमधूनच फिरून बाहेर येतं, तेव्हा बोट चापापासून लांब.

ओहायोत हरिण दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत नोंदवावं लागतं. फोनवरूनही होतं.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. मला हे सगळं करता येईल का?
— एक वाचक, सिनसिनाटी

उत्तर : तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगायला बंदी आहे, पण चालू मुदतीचा शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. म्हणून क्रम असा: आधी राज्याचा शिकारी प्रशिक्षण वर्ग, मग परवाना, मग बाकी सगळं. परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो, आणि कपाटातलं काडतूसही अडचणीचं ठरतं. रायफल १८९८ किंवा त्याआधीची असली तरी काडतुसं आजची आहेत, त्यांना जुनेपणाची सूट नाही. दुकानातून नवी बंदूक घ्यायची तर फॉर्मसोबत परवान्याची प्रत आणि आय-९४ चा (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा) क्रमांक द्यावा लागतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी लागू नाही. चुकीची किंमत व्हिसाने मोजावी लागते, तेव्हा इमिग्रेशन वकिलाला एक फोन कराच.

प्रश्न : सासऱ्यांकडे क्रॅग आहे, .३०-४०. ती .३८-५५ पेक्षा चांगली नाही का?
— एक वाचिका, हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : लांबच्या माऱ्याला नक्कीच चांगली. अमेरिकी सैन्याने १८९२ मध्ये स्वीकारलेली ही रायफल, २२० ग्रेनची गोळी सेकंदाला २००० फुटांच्या आसपास. १५० यार्डांपर्यंत निर्धास्त. पण बोल्टला एकच मुख्य कुलूप-दात आहे आणि जुन्या बोल्टांत त्याच्या बुडाशी बारीक चीर आढळते. ती डोळ्याला दिसत नाही. कारागिराकडून रंगद्रव्य लावून तपासून घ्या, मगच उडवा. .३०-०६ च्या दाबाच्या घरगुती काडतुसांच्या नादी लागू नका.

प्रश्न : रायफल गंजलेली दिसते. पॉलिश करून, दस्ता घासून नवा केला तर?
— अनेक वाचक

उत्तर : करू नका. बारीक स्टील वूल तेलात भिजवून तांबूस गंज पुसा, दस्त्याला जवसाच्या तेलाचा एक हात द्या, बस. रायफलीबरोबर जुन्या काडतुसांचा खोका आला असेल तर तोही उडवू नका. खोका शाबूत असेल तर त्याला स्वतःची किंमत असते, आणि जुने प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) क्षार सोडतात, ते आठवडाभरात नळी खातात. कधी उडवलंच तर त्याच संध्याकाळी नळी गरम पाण्याने धुवा. तेलाने तो क्षार निघत नाही.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांची जुनी रायफल आहे. परवाना त्यांच्याच नावावर होता. गावाकडे भेकर, सांबर पिकं खातात. अमेरिकेसारखं इथे काही करता येईल का?
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : नाही. भेकर, सांबर, चितळ यांची शिकार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. पिकाचं नुकसान झालं असेल तर पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा.

रायफलीचं आधी पाहा. ‘जुनी आहे, शोभेची आहे’ हे कारण चालत नाही. दुरुस्त करूनसुद्धा जे उडूच शकत नाही, अशाच पुरातन शस्त्राला शस्त्र अधिनियमातून सूट आहे. परवानाधारक वारले असतील तर ती विनापरवाना घरात ठेवू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, आणि वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : नवरा या वर्षी हरिण आणणार म्हणतो. शिशाच्या गोळीने मारलेलं मटण मुलांना चालेल का? आणि शिजवायचं कसं?
— एक वाचिका, कोलंबस

उत्तर : संथ, जड गोळी वेगवान गोळीइतकी फुटत नाही, त्यामुळे शिशाचे कण कमी पसरतात. शून्य होत नाहीत. जखमेभोवतीचं चार-पाच इंच मांस, रक्ताळलेलं सगळं, हात आखडता न घेता कापून टाका. त्याचा खिमा तर अजिबात करू नका, खिम्याच्या यंत्रातून कण सगळ्या मटणात मिसळतात. लहान मुलं आणि गरोदर बाईसाठी मागच्या मांडीचं, जखमेपासून लांबचं मांस वेगळं ठेवा, किंवा त्यांच्या ताटात हे वाढूच नका. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना हा प्रश्नच नाही, तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद आहे. मात्र शुद्ध तांब्याची गोळी .३८-५५ च्या वेगाला सहसा नीट उमलत नाही, त्यामुळे तिथे ही रायफल बहुधा शोभेचीच.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग कित्येक राज्यांत आहे. तुमच्या भागात तपासणी होत असेल तर डोकं नमुन्यासाठी द्या आणि निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्ये ठेवा. मेंदू, पाठीचा कणा, डोळे, प्लीहा खायचे नाहीत, आणि कणा करवतीने चिरायचा नाही. मांस हाडावरून सोडवून घ्या.

हरिण पडल्यावर तासाभरात पोट साफ करून आत थंड हवा खेळली पाहिजे, आणि मांस लवकरात लवकर ४ अंश सेल्सिअसच्या खाली. मटणाला वास येतो म्हणतात तो बहुतेक वेळा इथेच लागतो. हरणाची पांढरी चरबी तोंडात मेणासारखी बसते, ती आणि मांसावरचा चंदेरी पापुद्रा दोन्ही काढा. हे मांस फार कोरडं, म्हणून दही, आलं-लसूण आणि हळद लावून रात्रभर ठेवा, आणि रश्श्याला बोकडापेक्षा दीडपट तेल घाला. मांडीचे तुकडे कुकरमध्ये चार शिट्ट्यांनंतर मंद आचेवर वीस मिनिटं. पाठीचा पातळ लांब तुकडा कुकरमध्ये घालू नका. तो तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं परतला की तयार, जास्त ठेवलात तर चामडं होतं.